निळ्या फ्रॉकची दुमड

व्हिलारेदो, रविवार, ५ मे

सेलिया,

फोनवर तू पोरीशी अर्धा अर्धा तास बोलतेस, आणि मागून माझा खोकला ऐकू आला की "ठेवते गं" म्हणतेस. म्हणून हे पत्र. पत्राला "ठेवते" म्हणता येत नाही. फार तर फाडता येतं. पण तू रिकाम्या पिशव्यासुद्धा घडी घालून ठेवणारी, तुझ्याच्यानं फाडवणार नाही.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. मी सांगते आहे आणि इरिया लिहिते आहे, बिशपसारखी ताठ बसून. वाकायला बंदी आहे म्हणून वहीखाली पावाची फळी आणि फळीखाली उशी दिली आहे. हसते आहे. हसू नकोस म्हटलं, टाके ओढतील.

दवाखान्याचा कागद फ्रिजवर चिकटवला आहे. शेजारच्या हेर्मिनियाबाईनं तो मला दोनदा वाचून दाखवला, तिसऱ्यांदा मीच तिला म्हणून दाखवला. वाकायचं नाही. कंबरेतून वळायचं नाही. दुधाच्या दोन खोक्यांपेक्षा जड काही उचलायचं नाही. सहा महिने धावणं, उड्या, सायकल बंद. जिथं कोणी धक्का देईल असा खेळ वर्षभर बंद. चालायचं मात्र पोटभर. पलंगावरून उठताना ओंडक्यासारखं अख्खं कुशीवर व्हायचं, मग पाय खाली, मग धड वर. पहिल्या दिवशी तिला उठवताना माझाच ओंडका झाला.

आता रोज कारंज्यापर्यंत चालत जातो. तिथं बाकावर जोआकिना बसलेली असतेच. परवा म्हणाली, "काय गं देओलिंदा, पोरीनं खांब गिळला काय?" म्हटलं, "गिळला. तुझ्या घरात कुणाला कणाच नाही, तुला कसं कळणार?" पोरगी हसली नाही. कारंज्यापासून घरापर्यंत माझा हात धरून चालली, एरवी धरत नाही.

काही पडलं की ती अंजीर तोडायच्या काठीनं उचलते. काठीच्या फटीत चमचा पकडायला दोन दिवसांत शिकली. मी मुद्दाम टाचणी टाकते, सरावाला.

पाठ सरळ केल्यापासून चार बोटं उंच झाली आहे. तिचे जुने कपडे सगळे अंगावर वाकडे लोंबतात, म्हणून मी उसवायला बसले आहे. आज सुईत दोरा एका दमात गेला. पोरगी म्हणते, आजी, हे पण लिहू का? लिही.

तू दवाखान्याच्या दारात म्हणालीस ते मी विसरलेले नाही. "सहा महिने सांभाळ. एक जरी चूक झाली, तर मी तिला लक्झेंबर्गला नेईन आणि परत आणणार नाही." इथं पोरीची पेन्सिल थांबली. लिही म्हटलं, तुझ्या आईचेच शब्द आहेत, मी वरून मीठ घातलेलं नाही.

ऑपरेशन झालं ११ एप्रिलला. म्हणजे ११ ऑक्टोबर. मी मोजते आहे. लिहिता येत नाही, मोजता येतं.

खाली फुली आहे ती माझी.

✕

व्हिलारेदो, रविवार, २६ मे

सेलिया,

आज हेर्मिनियाबाई लिहिते आहे. तिनं एकतीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं, त्यामुळे तिला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं आणि ती काही बोलत नाही. मला अशीच बाई हवी होती. इरियाला अंगणात फेऱ्या मारायला लावलंय.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. ऑपरेशनला सात तास लागले, आठवतं ना? वऱ्हांड्यात तू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मधे दोन रिकाम्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवर तू पिशवी ठेवलीस, मी बसू नये म्हणून. पाचव्या तासाला मी मरियामातेला नवस बोलले. पोर जिवंत बाहेर आली तर १५ ऑगस्टच्या जत्रेत पावांचा मनोरा ती डोक्यावर घेईल.

हेर्मिनियाबाईनं आत्ता लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. बघ बाई, बघ. ज्या पाठीत ते त्या वेळी स्क्रू बसवत होते, तीच पाठ मी नवसाला लावली.

तू म्हणशील, डोकं फिरलं होतं का? नव्हतं. आपल्याकडं दुसरं काही सुचतच नाही. माझ्या आईनं माझ्या गुडघ्यांवर नवस बोलला होता. नऊ वर्षांची मी, देवळाभोवती तीन फेऱ्या गुडघ्यांवर घातल्या. मनोरा मी तीनदा घेतला, तू एकदा, तोंड फुगवून. पाटीत वेताच्या काड्या, काड्यांना तीस पाव ओवलेले, आणि उंची जितकी मुलीची तितकीच मनोऱ्याची. पंधरा किलो कुठं गेले नाहीत. कागदावर दुधाची दोन खोकी लिहिली आहेत, म्हणजे दोन किलो. कागद म्हणतो सहा महिने, जत्रा येते चार महिने चार दिवसांनी.

फादर आबिलियोंना विचारलं. ते म्हणाले, "देओलिंदाबाई, दुसऱ्याच्या मानेवर नवस बोलायचा नसतो."

म्हटलं, "फादर, सोसायची मान दुसऱ्याचीच असते, म्हणून तर पटकन बोलला जातो."

"मग मेणबत्ती लावा. मोठी लावा."

"मेणबत्तीचा बोलले असते तर लावली असती."

त्यांनी कपाळाला हात लावला. तरुण आहेत, शहरचे आहेत.

काल गावच्या भट्टीवर पाव भाजायला गेलो होतो. जोआकिनाला कुठून कळलं कोण जाणे. भट्टीत तोंड घालून मोठ्यानं म्हणाली, "न फेडलेला नवस बोलणाऱ्यावर येत नाही. ज्याच्यासाठी बोलला, त्याच्यावर येतो. माझ्या मावशीचा मुलगा बघा." म्हटलं, "तुझ्या मावशीचा मुलगा दारूनं गेला." "दारू कुठून आली?" म्हणाली. म्हटलं, "तोंड भट्टीत आहेच, तिथंच राहू दे." सगळ्या हसल्या. पण ऐकलं ते ऐकलं. इरिया दारातच उभी होती, काठी घेऊन. तिनं ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

मी एक शक्कल काढली आहे. कागदाचे पाव करायचे, आत काही नाही, पाटीही कागदाची. दीड किलोत काम. देवीला चालेल का हे तिला विचारता येत नाही, म्हणून तुला विचारते. हो की नाही एवढंच कळव.

✕

व्हिलारेदो, गुरुवार, १८ जुलै

सेलिया,

तुझा निरोप जूनमध्येच पोरीकडून पोहोचला. "आजीला सांग, नाही." ठीक. कागदाचे पाव चुलीत घातले, छान पेटले.

इकडं सगळं ठीक आहे. बटाटे काढून झाले. काल पोर्तोला जाऊन आलो. तपासणीची तारीख सप्टेंबरची होती, पण म्हटलं ऊन आहे, बस रिकामी असते, जाऊन येऊ. डॉक्टरीणबाई चांगली आहे, मान लांब आहे तिची. फोटो काढले.

पोरीचं अक्षर आज वाकडं वाटलं तर उन्हाळा म्हण.

जास्त काही नाही.

✕

व्हिलारेदो, मंगळवार, २३ जुलै

सेलिया,

मागचं पत्र खोटं होतं. बटाटे काढले एवढंच खरं. आज हेर्मिनियाबाई लिहिते आहे, माझ्याच स्वयंपाकघरात, दार लावून.

१४ तारखेला रविवारी मी देवळात मिसाच्या प्रार्थनेला गेले होते. इरिया म्हणाली, पाय दुखतात, मी घरी बसते. मी म्हटलं बस. परत आले तेव्हा आधी मला बटाटे दिसले. रस्त्यावर, गटारात, जोआकिनाच्या दारापर्यंत. म्हटलं, हा कोणाचा गाढवपणा? मग आमच्या कोठारातून तिची हाक आली.

पाटी तिथं खुंटीला टांगलेली होती. तिनं ती अंजिराच्या काठीनं काढली. पाव नव्हते म्हणून वजनाला बटाटे भरले. मनोरा नुसताच कसा उचलतात ते मीच तिला लहानपणी दाखवलं होतं, बसायचं, चुंबळ ठेवायची, पाटी मांडीवर, मग डोक्यावर, मग भिंतीला धरून उठायचं. तिनं सगळं तसंच केलं. सात पावलं चालली, तिनं मोजली. दाराशी वळली, पाटी एका बाजूला गेली आणि ती सावरायला तिच्यामागं वळली. उंबऱ्याच्या दगडावर बसकण मारून पडली.

मी पोहोचले तेव्हा उताणी पडली होती, दवाखान्यात शिकवलं तशी, हात अंगालगत. पांढरीफटक. म्हणाली, "आजी, मी वाकले नाही. फक्त वळले."

मी म्हटलं, "कशाला गं? कशाला?"

"जोआकिना म्हणाली ना, ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावर येतो. आई नाही म्हणाली. मग देवी माझी पाठ परत वाकडी करेल. मला परत तशी व्हायचं नाही."

चौदा वर्षांची पोर. मी तिला काय सांगणार, की देवी असलं करत नाही? मीच कालपर्यंत भट्टीवर घाबरून उभी होते.

सर्वांत खालचा डाव्या बाजूचा स्क्रू थोडा हलला आहे. डॉक्टरीणबाईनं फोटो उजेडावर धरून मला बोटानं दाखवलं. मला अक्षरं कळत नाहीत, पण शिवण सरकलेली कळते. तीन महिने पट्टा घालायचा, काखेपासून कंबरेपर्यंत, कासवासारखा. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आणखी हलला, तर पुन्हा उघडावं लागेल. तिनं विचारलं, "काय उचललं होतं?" म्हटलं, "बटाटे." खोटं नव्हतं.

बसमध्ये परत येताना मी पोरीला म्हटलं, आईला फोनवर सांगायचं नाही. ती म्हणाली, विचारलं तर? म्हटलं, विचारलं तर सांग, ऊन फार आहे. त्या दिवसापासून ती तुला रोज ऊन सांगते आहे. तुझ्याशी खोटं बोलायला मी तिला शिकवलं. तुझी अट आठवते मला, सेलिया. आठवते म्हणूनच शिकवलं.

हेर्मिनियाबाई विचारते, हे पत्र आज टपालात टाकू का? मी म्हटलं, उद्या सांगते.

✕

व्हिलारेदो, शुक्रवार, १६ ऑगस्ट

सेलिया,

सोबत आणखी एक पत्र आहे, २३ जुलैचं. आधी ते वाच. ते टाकलं नव्हतं. हेर्मिनियाबाईच्या फडताळात साखरेच्या डब्यामागं होतं. तिनं तीन आठवड्यांत एकदाही विचारलं नाही. रोज चहाला बोलवायची आणि साखर काढताना डबा मुद्दाम सावकाश सरकवायची.

काल जत्रा झाली. अकरा मनोरे निघाले. इरियाच्या वर्गातल्या चौघी होत्या, बेन्विंदाची नात तर दर वळणावर हेलकावत होती, शेवटी तिच्या बापानं मागून पाटी धरली. इरिया देवळाच्या पायरीवर पट्टा घालून उभी होती. बसली नाही. वाजंत्री थांबेपर्यंत उभी राहिली. जोआकिना जवळून गेली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी हं, पोरी." माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली होती, त्यातलं एकही दिलं नाही. म्हातारी झाले बहुतेक.

सगळे जेवायला गेल्यावर मी देवळात गेले. मरियामातेसमोर उभी राहिले, गुडघे टेकले नाहीत. म्हटलं, नवस मी बोलले आणि मान तिची होती. फेडणार नाही. पुढच्या वर्षीही नाही. यायचं असेल तर माझ्यावर ये, पत्ता तुला ठाऊक आहे.

आज सकाळी पोरीला म्हटलं, वही घे. ती म्हणाली, "हेर्मिनियाबाईला बोलवू?" म्हटलं, "नको. हे तूच लिहायचं आहेस." आता ती फळी घेऊन बसली आहे. पट्ट्यामुळं आणखीच ताठ. लिही, इरिया. थांबू नकोस.

गेल्या ऑगस्टमध्ये नदीवर तू तिची पाठ पाहिलीस आणि टॉवेल घेऊन घरी धावत आलीस. "आई, तुला दिसलं नव्हतं?" म्हणून विचारलंस. मी म्हटलं, डोळे गेलेत माझे. सेलिया, सुईत दोरा मी आजही एका दमात ओवते. गावातली निम्मी लग्नं माझ्या सुईतून गेली आहेत. कोणाचा खांदा किती उतरतो, कोणाला तिसरा महिना आहे, हे मला त्यांच्या आयांच्या आधी कळलेलं आहे.

त्याच्या दोन वर्षं आधी, पोर अकरा वर्षांची होती तेव्हा, मी तिला निळा फ्रॉक शिवला. दुमड घालायला तिला स्टुलावर उभी केली, तर एका बाजूनं फ्रॉक तीन बोटं खाली. म्हटलं कापड वाकडं कापलं असेल. पुन्हा मापलं. कापड सरळ होतं.

मग मी दुमड वाकडी घातली, म्हणजे फ्रॉक सरळ दिसेल. डाव्या खांद्यात कापूस भरला. त्यानंतर दोन वर्षं तिचा प्रत्येक कपडा तसाच शिवला, आणि दर वेळी कापूस थोडा जास्त लागला. तिला रोज कारंज्यावरून डोक्यावर घागर आणायला लावली. आमच्या वेळी पोरींच्या पाठी अशाच सरळ व्हायच्या, असं मी स्वतःला सांगितलं. तू नाताळात यायचीस, म्हणायचीस, "आई, काय सुंदर बसलाय गं फ्रॉक!" आणि मी म्हणायचे, "हात आहे कुणाचा!"

तुला कळवलं असतं, तर तू तिला उपचाराला तिकडं नेलं असतंस. आणि तिकडं गेलेलं माणूस परत येत नाही. तू तरी कुठं आलीस? चार वर्षांची पोर माझ्या मांडीवर ठेवून ऑफिसं पुसायला गेलीस, तेव्हा म्हणालीस, दोन वर्षं. मला ती द्यायची नव्हती. एवढंच कारण. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षांपूर्वी आणली असती तर कदाचित नुसत्या पट्ट्यावर भागलं असतं. पट्टा. आता तिच्या अंगावर आहे तसाच.

इथं पोरगी लिहायची थांबली. मी लिही म्हटलं नाही. ती उठली, आत गेली. खालचा खण तिला वाकून उघडता येत नाही, काठीचा आवाज बराच वेळ येत होता. मग निळा फ्रॉक घेऊन आली. मी अजून तो उसवला नव्हता, बाकीचे सगळे उसवले. तिनं तो टेबलावर ठेवला आणि डाव्या खांद्यातला कापूस दोन बोटांनी दाबून पाहिला.

म्हणाली, "मला ठाऊक होतं, आजी."

"काय ठाऊक होतं?"

"तू टाचण्या लावायचीस ना, तेव्हा मी तो खांदा वर उचलून धरायचे. श्वास रोखून. तू पुन्हा मापायचीस, तेव्हा पुन्हा. फार वेळ धरता यायचा नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तूही नाही बोललीस."

मग म्हणाली, "हेही मीच लिहू?" म्हटलं, "लिही." लिहिते आहे. अक्षर सरळ येतं आहे. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. हे विचारून माप घेता येत नाही.

सेलिया, तिला घेऊन जा. तुझी अट मी मोडली, आणि ती अट घातलीस त्याच्या जवळजवळ तीन वर्षं आधीच मोडली होती. इथं राहिली तर ती माझ्यासाठी खांदा उचलून धरत राहील, आता तर तिला ते करायची बंदी आहे. तिकडं चांगला दवाखाना असेल, स्क्रूवर लक्ष ठेवतील. तिला विचारलं, जाशील का? म्हणाली, "काठी नेता येईल का?" म्हटलं, अंजिरं तोडायला मला दुसरी करता येते.

तिचे कपडे सगळे उसवून सरळ केले आहेत. निळा राहू दे इथं.

बॅग मी भरून ठेवली आहे. "विमानतळावर तिला घ्यायला कुणाला तरी पाठवते" असलं काही करू नकोस, तू स्वतः इथपर्यंत ये. ती बॅग तिला उचलू द्यायची नाही, आणि काल रात्री मी ती नुसती दारापर्यंत नेऊन पाहिली, माझ्याच्यानं ती उचलवत नाही.

✕